टाका कुठे तुटला

श्रीरामपुरातले स्टेशन रस्त्यावरचे सीट कव्हरचे दुकान मागच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी बंद झाले. शटर सकाळी साडेदहाला शेवटचे उघडले आणि दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी शेवटचे ओढले गेले. दुकानाचे मालक त्या वेळी नगरला, सावेडीत मुलीच्या घरी होते. सुईत दोरा ओवता येत नाही, एवढेच कारण त्यांनी फोनवर सांगितले. शटर ओढले तेव्हा मी तिथे हजर होतो.

शिंप्याला म्हणतात तसे त्यांना सगळे मास्तर म्हणत. दुकानाच्या पाटीवर फक्त ‘सीट कव्हर व हूड’ एवढेच होते. मोटरसायकल, रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर, जे येईल त्याचे सीट ते शिवून देत. भिंतीला रेक्झिनचे गुंडाळे उभे असत, खाली फोमचे तुकडे, मध्ये जाड सुईचे काळे मशीन. आणि छताला दोरीने टांगलेले बॉक्सिंगचे ग्लोव्हज, नडगीचे पॅड, छातीचे गार्ड, हेल्मेट. पाटीवर याचा उल्लेख कुठेच नव्हता. तरी राहुरी, राहाता, कोल्हारपर्यंतच्या क्लबांचे फाटके साहित्य त्यांच्याकडे येई.

याची सुरुवात कशी झाली ते त्यांनीच मला सांगितले. बॉक्सिंग शिकवणारे एक सर सीट शिवायला आले. त्यांच्या हँडलला फाटका ग्लोव्ह लटकत होता. सीटचे रेक्झिन उरले होते, मास्तरांनी ते ग्लोव्हला लावले. पुढच्या आठवड्यात सर पोतेभर ग्लोव्हज घेऊन आले.

मास्तरांनी आयुष्यात कोणाला ठोसा मारलेला नव्हता. रस्त्यावर आरडाओरडा झाला तर ते आधी शटर अर्धे खाली घेत. टीव्हीवर सामना लागला तर मान फिरवत. पण ठोसा आणि लाथ यांच्या खेळांची जेवढी नेमकी विभागणी त्यांना येत होती, तेवढी मला त्यानंतर कोणा प्रशिक्षकाकडूनही ऐकायला मिळाली नाही. ती त्यांनी पुस्तकातून घेतलेली नव्हती. कोणते साहित्य कुठे फाटते, यावरून त्यांनी ती बसवली होती.

ग्लोव्ह हातात आला की ते आधी त्याचा वास घेत. ओला असला तर परत. “वाळवून आन. घामावर टाका बसत न्हाई.” मग ते तो उजेडाकडे धरून फिरवत.

“बॉक्सिंगचा ग्लोव्ह बोटांच्या गाठींवर फाटायला पाहिजे,” ते सांगत. “तिथनं मारलेलंच मोजतात. हा बघ, हा तळव्याकडनं फाटलाय. म्हंजी पोरगा उघड्या हातानं चापट मारतो. त्याच्या सरांना सांग, गुन मिळनार न्हाईत त्याला.”

असा निरोप घेऊन मी एकदा खरोखर एका सरांकडे गेलो होतो. ते म्हणाले, “मास्तरांना कोणी सांगितलं हे?”

तायक्वांदोचे छातीचे गार्ड त्यांच्याकडे नेहमी बगलेखाली उसवून येई, कारण लाथ बाजूने बसते. कराटेच्या हातमोज्यांचे कापड टिके, आधी मनगटाचे इलॅस्टिक सैल पडे. मास्तरांचे म्हणणे असे, की तिथे हात पोचवायचा असतो आणि पोचला की आवरायचा असतो. आवरता आवरता मनगटच झिजते. मुआय थाई शिकवणारा एक क्लब राहात्याकडे सुरू झाला, तेव्हा पहिल्यांदाच तळव्याला झिजलेले ग्लोव्हज आले. चापटीने फाटलेला तळवा आणि हा तळवा यांत फरक होता. हा आतून चोळला गेला होता. मास्तरांनी दोन दिवस ते तसेच टांगून ठेवले आणि घ्यायला आलेल्या माणसाला विचारले, “तुमच्यात पकडतात का वो?” तो म्हणाला, हो, मान पकडून गुडघा मारतात. कोपरही चालतो. मास्तरांनी मान हलवली आणि टाके घालायला घेतले.

किकबॉक्सिंग हे नाव ते कधीच एकटे घेत नसत. त्यात पोटभेद पुष्कळ, आणि प्रत्येकाची फाट वेगळी. पॉइंट फायटिंगमध्ये मार लागला की पंच थांबवतात, गुण देतात, पुन्हा सुरू करतात. लाइट कॉन्टॅक्टमध्ये थांबवत नाहीत, पण जोर आवरायचा. फुल कॉन्टॅक्टमध्ये जोर मोकळा. पहिल्या प्रकाराचे साहित्य वर्षभर जाते, तिसऱ्याचे सहा महिन्यांत येते.

हे सगळे त्यांनी तीन प्रश्नांत बसवले होते. कशानं मारायचं? कुठं मारायचं? मारल्यावर काय? ज्याला ही तीन उत्तरे देता येत नाहीत, त्याचे साहित्य ते परत करत नसत. उत्तरे आली की रेक्झिनच्या मागच्या कापडाची पट्टी कापून त्यावर बॉलपेनने लिहीत आणि ती ग्लोव्हला बांधत. ‘मूठ. कमरेच्या वर. पडला तर आकडे मोजा.’ हे झाले बॉक्सिंग.

मुलांना ही उत्तरे पाठ असत. अडत ते वडील. एकदा एक ट्रकमालक मुलाचे ग्लोव्हज घ्यायला आले.

“कराटेचे ग्लोव्हज द्या.”

“कराटेचे न्हाईत. बॉक्सिंगचे हायेत.”

“तेच हो. मारामारीच ना शेवटी.”

“व्हय का? मंग तुमच्या ट्रकला स्कूटीचं सीट बसवू का? बसायचंच हाय ना शेवटी.”

ट्रकमालक हसले. ग्लोव्हज मात्र दुसऱ्या दिवशी मुलगाच घेऊन गेला.

कुस्तीचा विषय कोणी काढला तर मास्तर म्हणत, “त्यात मारत न्हाईत. अन् शिवायला काय हाय? लंगोट.” परदेशात बूट घालून फक्त लाथांनी आणि मुठींनी खेळायचा एक प्रकार आहे, असे मी कुठेतरी वाचले होते. त्यांना विचारले.

“बूट आलाय का आपल्याकडं शिवायला?”

“नाही.”

“मंग मी काय सांगनार? न शिवलेल्या खेळाबद्दल मी बोलत न्हाई.”

हे ते गमतीने म्हणत नव्हते. मी त्यांना या नियमाबाहेर जाताना पाहिलेले नाही.

दुकानासमोरच्या रिक्षा स्टँडवर एकदा दोन रिक्षावाल्यांची जुंपली. ठोसे, लाथा, एकाने कोपरही मारला. शटर अर्धे खाली आले. मी आत वाकून विचारले, “मास्तर, हे कशात बसतं?”

“कशातच न्हाई.”

“तिन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत की. हातापायानं मारतायत, दिसेल तिथं मारतायत.”

“तिसऱ्याचं कुठं हाय? थांबवनारा दाखव.”

त्या काळात मी नगरच्या एका दैनिकाचा श्रीरामपूरचा वार्ताहर होतो. आमचे कार्यालय म्हणजे मास्तरांच्या दुकानावरची एक खोली. खाली मशीनची घरघर सुरू झाली की वर टेबल थरथरे. कामाला लागून मला दोन वर्षे झाली होती. एके दिवशी मी मोटरसायकल दुकानापुढे लावली, तर मास्तर बाहेर येऊन सीटवर हात फिरवू लागले. सीटवरून माणूस ओळखण्याची त्यांची जुनी सवय होती. दूधवाल्याचे सीट मागे फाटते, कारण तिथे कॅन लटकतात. दोन मुलांना शाळेत सोडणाऱ्याचे टाकीजवळ उसवते.

“किती वर्षं झाली गाडीला?”

“दोन.”

“अन् सीट कोरं.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. “वार्ताहर हायेस ना तू?”

मी हसून जिना चढलो. माझ्या बहुतेक बातम्या फोनवर येत होत्या. ग्रामसभा, अपघात, सत्कार, स्पर्धा. माणूस फोन करी, मी लिहून घेई.

तशीच एक बातमी कोल्हारहून आली. नगरला सावेडीतल्या एका सभागृहात जिल्हास्तरीय शालेय किकबॉक्सिंग स्पर्धा झाली होती. कोल्हारची अश्विनी नावाची बारावीतली मुलगी तिच्या वजनगटात पहिली आली. फोन तिच्या मामांचा होता. आवाज आनंदाने भरलेला. “एका ठोशात आडवी केली बघा समोरचीला. बेशुद्ध. पाणी मारून उठवली.” मी तसेच लिहिले. मथळा दिला: ‘कोल्हारच्या कन्येचा एका ठोशात विजय’. दुसऱ्या दिवशी मामांनी पंचवीस अंक नेले, असे कोल्हारच्या विक्रेत्याने कळवले.

पाच दिवसांनी अश्विनी दुकानात आली. मी तिथेच चहा पीत होतो. तिने मला ओळखले नाही. मास्तरांना मात्र ती चांगली ओळखत होती, तिचे ग्लोव्हज त्यांनीच शिवलेले होते. तिच्या हातात कात्रण आणि एक नोटीस होती. हरलेल्या मुलीच्या सरांनी ही बातमी जोडून हरकत घेतली होती. स्पर्धेच्या समितीपुढे सुनावणी तीन दिवसांनी होती. हरकत मान्य झाली तर अश्विनी बाद होणार होती आणि विभागीय स्पर्धेला दुसरी मुलगी जाणार होती. शालेय गटात खेळण्याचे अश्विनीचे ते शेवटचे वर्ष होते.

मास्तरांनी नोटीस डोळ्यांजवळ धरून वाचली. मग कात्रण वाचले.

“ही बातमी कोनी लिहिली?”

“मी,” मी म्हणालो.

अश्विनी माझ्याकडे वळली. “तुमीच का ते, दादा?”

“तू हुतास का तिथं?” मास्तरांनी मला विचारले.

“नाही. हिच्या मामांचा फोन आला होता.”

“मामा हुता का?”

“मामा जीप लावायला गेल्ता,” अश्विनी म्हणाली. “आत आला तव्हा पंचांनी माझा हात वर केल्ता.”

“मंग ठोसा बघितला कोनी?”

“ठोसा न्हवताच मास्तर. मी लाथ मारली, बरगडीवर, हळूच. पंचांनी थांबवलं. ती मागं सरकली अन् पडली. मनगट मुरगाळलं तिचं. उठली, परत खेळली. मी गुनांवर जिंकले.”

मास्तरांनी कात्रण मशीनवर ठेवले. “तुझा प्रकार कुठला?”

“पॉइंट फायटिंग.”

“कशानं?”

“हातानं अन् पायानं.”

“कुठं?”

“कमरेच्या वर.”

“मारल्यावर?”

“पंच थांबवतात, गुन देतात.”

“अन् जोरात लागलं तर?”

“ताकीद. समोरचीला उठताच आलं न्हाई तर मी बाद.”

मास्तर माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. “फुल कॉन्टॅक्ट असतं तर तू लिहिलंस त्यानं हिचं कौतुक झालं असतं. हिच्या खेळात तोच गुन्हा हाय. तू हिला बाद करून पेपरात छापलंस.”

ही बातमी लिहिताना मी किकबॉक्सिंग हा एकच खेळ आहे असे धरले होते. त्या टेबलाखाली दोन वर्षे मास्तर रोज याच्या उलट सांगत होते.

मी नगरला आमच्या उपसंपादकांना फोन केला. खुलासा छापावा आणि समितीला मी लेखी द्यावे, असे म्हणालो. ते म्हणाले, “अरे, एक खुलासा छापला की लोक प्रत्येक बातमीवर बोट ठेवायला लागतात. आणि हजर नव्हतो असं लेखी दिलंस, तर उद्या तुझी कुठली बातमी खरी धरायची? जायचं तर स्वतःच्या जबाबदारीवर जा. नोकरीचं मी काही सांगू शकत नाही.”

मी खाली येऊन हे मास्तरांना सांगितले. ते सुईत दोरा ओवत होते.

“लिही तर आधी,” ते म्हणाले.

मी मशीनशेजारच्या स्टुलावर बसून लिहिले. पहिला मसुदा पानभर झाला. मास्तरांनी वाचायला लावला.

“‘अनवधानाने’ म्हंजी काय?”

“लक्ष नसताना.”

“तुझं लक्ष हुतं की. मथळा दिलास. खोड ते.”

खोडले. पुढे मी लिहिले होते, की प्रत्यक्षात अश्विनीने ठोसा मारलेला नसून प्रतिस्पर्धी खेळाडू पाय घसरून पडली.

“हे तू बघितलं?”

“हिनं सांगितलं.”

“तसं मामानंबी सांगितलंच हुतं.”

अश्विनी बाकावरून उठली. “मास्तर, लिहू द्या की. खरं हाय ते.”

“खरं आसंल. ह्यानं बघितलं न्हाई.”

“मंग ह्यांच्या कागदाचा मला उपेग काय? वाट लावली ह्यांनी, अन् आता म्हनायचं मला ठाऊक न्हाई?”

मास्तरांनी तिचा ग्लोव्ह छतावरून काढला, बोटाने टाके तपासले आणि परत टांगला. मी तिच्या जागी असतो तर तिथून निघून गेलो असतो. ती बसून राहिली.

शेवटी कागदावर तीन वाक्ये उरली. सदर बातमी मी लिहिली आहे. सामन्याच्या वेळी मी सभागृहात हजर नव्हतो, आणि मला माहिती देणारी व्यक्तीही त्या क्षणी आत नव्हती, असे मला नंतर कळले. म्हणून या बातमीतील ठोसा व बेशुद्धी या दोन्ही गोष्टींना माझ्याकडे कोणताही आधार नाही.

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघे एसटीने नगरला गेलो. मास्तरांनी कामाच्या दिवशी दुकान बंद ठेवलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. अश्विनीचे मामा थेट कोल्हारहून आले आणि सभागृहाच्या पायरीवर बसून राहिले. आत यायला तयार नव्हते. “मी तोंड उघडलं की घोटाळा व्हतो,” ते म्हणाले.

समिती तीन जणांची होती. हरकत घेणाऱ्या सरांनी टेबलावर कात्रण ठेवले आणि शेजारी त्यांच्या खेळाडूचे हेल्मेट. हनुवटीखालचा पट्टा एका बाजूने सुटलेला होता. “एवढा मार होता,” ते म्हणाले. त्यांची खेळाडू मागच्या खुर्चीवर बसली होती. मनगटाला क्रेप बँडेज होते.

पंचांचा गुणतक्ता वाचला गेला. निकाल गुणांवर नोंदलेला होता. शेऱ्याची जागा रिकामी होती. पंचांची दुसऱ्या जिल्ह्यात नेमणूक असल्याने ते आले नव्हते. मग माझा कागद वाचला गेला.

“म्हणजे तुम्हाला काही माहीतच नाही,” सर मला म्हणाले.

“नाही,” मी म्हणालो.

“मग ठोसा बसला नाही, असंही तुम्ही म्हणत नाही.”

“नाही.”

अश्विनी खाली बघत होती.

समितीतल्या एका सदस्यांच्या क्लबचे साहित्य श्रीरामपूरला येत असे. त्यांनी मास्तरांना ओळखले आणि हेल्मेट पुढे सरकवले. “मास्तर, तुम्ही बघा जरा.”

सरांनी विचारले, “हे खेळलेत का कधी?”

“न्हाई साहेब,” मास्तर म्हणाले. “शिवलंय.”

त्यांनी हेल्मेट खिडकीपाशी नेले. आधी वास घेतला. पट्टा उलटा केला, अंगठ्याने टाक्यांची ओळ चाचपली. यात बराच वेळ गेला.

“मार बसून पट्टा सुटला तर बक्कल तडकतं, न्हाईतर कापड फाटतं,” ते म्हणाले. “इथं दोन्ही धड हाय. टाका आतनं ओढून तुटलाय. कोनी ओढला, कधी ओढला, ते मी सांगू शकत न्हाई. मी तिथं नव्हतो.”

अध्यक्ष काहीतरी लिहू लागले. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आवाज आला.

“मीच ओढला.”

सर वळले. ती मुलगी उभी राहिली होती.

“हात दुखत होता, एका हातानं निघत नव्हता. म्हणून ओढला.”

“तू बस,” सर म्हणाले.

“बोलू द्या तिला,” अध्यक्ष म्हणाले. “बेशुद्ध झाली होतीस का?”

“नाही. मॅटच्या जोडात पाय गेला. पडले. मग पुढं खेळले की.”

“मग हरकतीत तसं का लिहिलंय?”

तिने सरांकडे पाहिले. “सरांनी पेपर दाखवला. म्हणाले, छापून आलंय. मी म्हटलं, मग तसंच असेल.”

हरकत फेटाळल्याचे पत्र त्याच दिवशी दुपारी साडेतीन वाजता अश्विनीच्या हातात पडले. बाहेर पायरीवर मामांनी ते दोनदा वाचले आणि माझ्याकडे देऊन म्हणाले, “साहेब, हे छापा. ह्या टायमाला मी इथंच बसलेलो हाय.”

मास्तर मात्र लगेच बाहेर आले नाहीत. त्या दुसऱ्या मुलीशी बोलत होते. आले तेव्हा त्यांच्या पिशवीत तिचे हेल्मेट होते. परतीच्या एसटीत त्यांनी ते मांडीवर धरले होते. दुकानात टाका घालून चौथ्या दिवशी नगरला जाणाऱ्या एका सरांबरोबर परत पाठवले. पट्टीवर काय लिहिले होते ते मी पाहिले: ‘हात, पाय. कमरेच्या वर. पंच थांबवतील. पट्टा दोन्ही हातांनी काढ.’

सुनावणीच्या दिवशी संध्याकाळीच मी उपसंपादकांना सगळे सांगितले आणि पत्राची प्रत पाठवली. खुलासा आतल्या पानावर चार ओळींत छापून आला. नोकरी गेली नाही. महिनाभराने मला नगरच्या डेस्कवर बोलावले गेले आणि तालुक्यांतून येणाऱ्या बातम्या तपासण्याचे काम देण्यात आले. त्या कामावर मी अनेक वर्षे होतो. बातमी आली की मी वार्ताहराला फोन करून एकच प्रश्न विचारत असे: तू होतास का तिथे? तो प्रश्न कोणाचा आहे, हे डेस्कवर कोणालाही माहीत नव्हते. ते इथे नोंदवतो. मला जे थोडेफार काम नीट करता आले, ते मी सीट कव्हरच्या दुकानात शिकलो.

अश्विनी विभागीय स्पर्धेला गेली. दुसऱ्या फेरीत एका गुणाने हरली. तो सामना पाहायला मी मोटरसायकलने गेलो होतो. बातमी सात ओळींची झाली. तीत प्रकार, वजनगट आणि गुण होते.

नगरला जाण्याआधी मी मास्तरांचा निरोप घ्यायला गेलो. आभार मानायचे होते, शब्द जुळवून ठेवले होते. ते बाहेर आले आणि सीटवर हात फिरवू लागले. पुढच्या कडेला दोन बोटे शिवण उसवली होती.

“आता कसं,” ते म्हणाले. “थांब, चहा घे. शिवून देतो.”

मी चहा घेतला. जुळवलेले शब्द राहून गेले. ते सीट अजून त्याच गाडीवर आहे.

नंतर श्रीरामपूरला जाणे कमी झाले, पण गेलो की दुकानात बसत असे. अश्विनी अधूनमधून तिथे दिसे. तिने कोल्हारला मुलींचा वर्ग सुरू केला होता. वर्गातले फाटके साहित्य ती घेऊन येई, आणि मास्तर ते स्वतः शिवण्याऐवजी तिलाच मशीनवर बसवत. तिचा टाका वाकडा गेला की उसवायला लावत. एकदा माझ्यादेखत तिने एकच ग्लोव्ह चार वेळा उसवला.

“मास्तर, चालतंय की आता,” ती म्हणाली.

“तुला चालतंय. तळव्याला इचार.”

गेल्या वर्षी मास्तर मला म्हणाले, की आता ते ग्लोव्ह उजेडाकडे धरत नाहीत, बोटांनी पाहतात. त्यांना कोणता टाका तुटला ते तसेही कळे. सुईचे भोक मात्र सापडत नसे. मुलीने सावेडीला बोलावले होते. दोन रविवार चर्चहून आल्यावर विचार केला आणि जायचे ठरवले, असे ते म्हणाले. सावेडीत मी त्यांना दोनदा भेटलो. दुसऱ्या भेटीत मी त्यांना सांगितले, की बूट घालून खेळायच्या त्या परदेशी प्रकाराचे नियम मी आता नीट वाचले आहेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

“बूट बघितलास?”

“नाही.”

“बरं,” ते म्हणाले, आणि चहा मागवला.

दुकान रिकामे करायच्या दिवशी अश्विनी टेम्पो घेऊन आली. किल्ली सावेडीहून मी नेली होती. रेक्झिनचे गुंडाळे शेजारच्या हूडवाल्याने घेतले. छताला सहा नग उरले होते, प्रत्येकाला पट्टी बांधलेली. त्यांतले पाच ज्यांचे होते ते येऊन घेऊन गेले. अश्विनीने प्रत्येकाला तिन्ही प्रश्न विचारले आणि उत्तर आल्यावरच दोरी सोडली. सहावा ग्लोव्ह कोणाचा ते कळले नाही. त्याच्या पट्टीवर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे होती, तिसऱ्याची जागा रिकामी होती. तो तिने मशीनच्या खणात ठेवला.

मशीन उचलायला चौघे लागले. मी सावेडीला फोन लावून मास्तरांना सांगितले, की मशीन टेम्पोत चढले.

“तू बघितलं चढताना?”

“हो. एक बाजू मीच धरली होती.”

“बरं.”

टेम्पो सव्वाला निघाला. तो पावणेतीनला कोल्हारला पोचला आणि मशीन वर्गाच्या खोलीत उत्तरेकडच्या खिडकीशी ठेवले गेले. ही माहिती अश्विनीची आहे. ती टेम्पोत पुढे बसली होती.